क्ष = क्ष + १ : गणिताच्या बाई संगणकशास्त्र शिकवायला लागतात तेव्हा

वीस वर्षं बीजगणित शिकवलेल्या एका बाईंसमोर कुणीतरी फळ्यावर लिहितं,

क्ष = क्ष + १

बाईंचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. दोन्ही बाजूंचा क्ष काढला तर शून्य बरोबर एक उरतं. आठवीतल्या मुलानं हे लिहिलं असतं तर बाईंनी त्याला जवळ बोलावून तराजूचं उदाहरण पुन्हा समजावलं असतं. आणि आता त्यांना सांगितलं जातंय की ही ओळ बरोबर आहे, जगभरचे प्रोग्रॅम अशा ओळींनी भरलेले आहेत, आणि जूनपासून तुम्हालाच ही मुलांना शिकवायची आहे.

माध्यमिक शाळेतल्या शिक्षकांना संगणकशास्त्रासाठी नव्यानं तयार करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला या एका ओळीवरून सगळ्यात नीट सांगता येतं. बाईंना संगणक चालवता येतो. निकालपत्रकं त्या एक्सेलमध्येच करतात. पण बरोबरच्या चिन्हाचा एक अर्थ त्यांच्या मनात पक्का बसलेला आहे, त्यांच्या विषयात तो खराही आहे, आणि नव्या विषयात तो लागू पडत नाही. गणितात ते चिन्ह एक विधान करतं: ही बाजू आणि ती बाजू सारखी आहे. प्रोग्रॅममध्ये ते चिन्ह हुकूम देतं: उजवीकडचा हिशेब कर आणि आलेलं उत्तर डावीकडच्या नावावर लिहून ठेव. क्षमध्ये आधी ५ असेल तर आता ६ लिही, एवढंच.

हा फरक कळायला पाच मिनिटं लागतात. तो तीस मुलांना शिकवता येण्याइतका अंगात मुरायला बराच काळ जातो. सरकारी योजना आखताना बहुतेक वेळा पहिली पाच मिनिटंच मोजली जातात.

वापरणं वेगळं, समजणं वेगळं

आपल्याकडे एमएस-सीआयटी घराघरांत माहीत आहे. २००१पासून महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी तो अभ्यासक्रम केला, आणि माउस हातात धरण्यापासून पत्र टाइप करण्यापर्यंतचं धाडस त्यातून आलं. त्याचं मोल मला कमी करायचं नाही. पण त्यात आपण शिकलो ते संगणक वापरणं. संगणकशास्त्राचे प्रश्न निराळे असतात. हजार नावांच्या यादीतून एक नाव कमीत कमी वेळात कसं शोधायचं? फोटो आणि गाणं ही दोन्ही शून्य-एकाच्या रांगेत कशी मावतात? एखादं काम इतक्या बारीक पायऱ्यांत कसं मोडायचं की अजिबात समज नसलेलं यंत्रही ते करू शकेल? यातलं बरंचसं संगणक बंद ठेवूनही शिकवता येतं.

या फरकाची किंमत एका अख्ख्या देशानं मोजली, म्हणून इंग्लंडची गोष्ट सांगतो.

तिथल्या शाळांत अनेक वर्षं आयसीटी नावाचा विषय होता. माहिती व संपर्क तंत्रज्ञान, म्हणजे बऱ्याच ठिकाणी वर्ड, एक्सेल आणि सादरीकरणं. मुलं कंटाळत होती. जानेवारी २०१२मध्ये रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या विज्ञान अकादमीचा एक अहवाल आला. तो तयार करणाऱ्या गटाचे अध्यक्ष होते स्टीव्ह फर्बर. १९८१मध्ये आलेल्या बीबीसी मायक्रो या शाळाशाळांत पोहोचलेल्या संगणकाच्या आणि पुढे एआरएम नावाच्या प्रोसेसरच्या, म्हणजे यंत्रात हिशेब करणाऱ्या चिपच्या, घडणीत त्यांचा मोठा हात होता. आज आपल्या खिशातले जवळपास सगळे मोबाइल त्याच एआरएमच्या रचनेवर चालतात. म्हणजे ज्या देशानं ८०च्या दशकात मुलांच्या हाती प्रोग्रॅम करायचा संगणक दिला, तोच देश तीस वर्षांनी मुलांना स्लाइडचे रंग निवडायला शिकवत बसला होता. त्याच महिन्यात शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी जुना अभ्यासक्रम बाजूला ठेवत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबर २०१४पासून 'कंप्युटिंग' हा नवा विषय वयाच्या पाचव्या वर्षापासून लागू झाला. अकरा ते चौदा या वयात निदान दोन प्रोग्रॅमिंग भाषा, त्यातली एक तरी शब्दांत लिहायची. शिवाय द्विमान, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून लिहिलेल्या, संख्या, तर्काची गणितं, शोधण्याच्या आणि क्रम लावण्याच्या रीती.

विषय बदलला, पण वर्गात उभी असलेली माणसं तीच राहिली. रॉयल सोसायटीच्या त्याच अहवालानुसार इंग्लंडच्या आयसीटी शिक्षकांपैकी जेमतेम ३५ टक्के त्या विषयाचे तज्ज्ञ मानले जात होते. बाकीचे वाणिज्य, भूगोल, गणित अशा विषयांतून आलेले. हे लोक चांगले शिक्षक होते. त्यांना वर्ग सांभाळता येत होता, मूल कुठे अडलंय हे चेहऱ्यावरून ओळखता येत होतं. फक्त त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यात एकही प्रोग्रॅम लिहिला नव्हता.

पुढच्या तीन वर्षांत काय झालं, ते २०१७च्या रॉयल सोसायटीच्या दुसऱ्या अहवालात दिसतं. आपल्या दहावीच्या पातळीवर जी जीसीएसई परीक्षा असते, तिच्यासाठी संगणकशास्त्र हा विषय निम्म्याहून अधिक शाळा देतच नव्हत्या. जिथे तो होता तिथे परीक्षेला बसणाऱ्यांत मुली फक्त २० टक्के. मुली आणि गाव-खेड्यातल्या शाळा मागे पडतात तेव्हा मुलांना गोडी नाही असं म्हणून आपण मोकळे होतो. खरं तर शाळेत शिकवणारंच कुणी नसेल तर गोडीचा प्रश्नच उद्भवत नाही.

मग २०१७च्या शेवटी तिथल्या सरकारनं ८ कोटी ४० लाख पौंड काढले आणि ८,००० माध्यमिक शिक्षकांना तयार करायचं ठरवलं. २०१८मध्ये त्यासाठी राष्ट्रीय केंद्र सुरू झालं. रास्पबेरी पाय फाउंडेशन, ब्रिटिश कंप्युटर सोसायटी आणि एसटीईएम लर्निंग या तीन संस्थांनी ते चालवायला घेतलं. नव्या शिक्षकासाठी किमान चाळीस तासांचं मोफत प्रशिक्षण, शेवटी चाचणी आणि प्रमाणपत्र. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती पुढची तरतूद: शिक्षक प्रशिक्षणाला गेला की त्याच्या जागी दुसरं कुणी उभं करता यावं, म्हणून शाळेला पैसे.

अभ्यासक्रम २०१४चा, आणि शिक्षकांसाठीचा मोठा निधी २०१८चा. मधली चार वर्षं शिक्षकांनी एकमेकांच्या आधारानं काढली. 'कंप्युटिंग ॲट स्कूल' नावाचा एक गट २००८पासूनच काम करत होता. हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेचे एक शिल्पकार सायमन पेटन जोन्स त्याच्या पुढाऱ्यांपैकी एक. गावोगावचे शिक्षक शाळा सुटल्यावर एकत्र बसत, आपापले धडे दाखवत, फसलेले तासही सांगत. सरकारचं लक्ष जाण्याआधी हे जाळं तयार होतं, म्हणून तो विषय तगला असं माझं ठाम मत आहे.

शिक्षकाला तीन गोष्टी याव्या लागतात

१९८६मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या ली शुलमन यांनी एक साधी गोष्ट नीट मांडली, आणि शिक्षक-प्रशिक्षणाचा विचार त्यानंतर बदलला. शिक्षकाला विषय यायला हवा, हे एक. शिकवण्याची सर्वसाधारण कला यायला हवी, हे दुसरं. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरं ज्ञान असतं: हा विशिष्ट विषय शिकताना मुलं नेमकी कुठे घसरतात, कुठलं उदाहरण उपयोगी पडतं आणि कुठलं घात करतं.

संगणक अभियंत्याजवळ पहिलं ज्ञान भरपूर असतं. आपल्या गणिताच्या बाईंजवळ दुसरं. तिसरं दोघांजवळही नसतं. म्हणून 'इंजिनीअर आणून उभा करा' हा उपाय जितका तोकडा, तितकाच 'बाईंना पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा कोर्स करायला सांगा' हाही. हे तिसरं ज्ञान कसलं असतं ते दाखवतो.

पहिलं उदाहरण डब्याचं. प्रोग्रॅममधल्या क्षसारख्या नावाला चल म्हणतात. चल म्हणजे डबा, त्यात संख्या ठेवायची, असं जवळपास प्रत्येक पुस्तकात असतं. ऐकायला छान आहे. पण डब्यात दोन लाडू मावतात. मुलं मग समजतात की चलात आधीचा ५ पण आहे आणि नवा ७ पण आहे. शिवाय या डब्यातलं त्या डब्यात ठेवलं की पहिला डबा रिकामा होतो, तसं प्रोग्रॅममध्ये होत नाही. मी डब्याऐवजी पाटी म्हणतो. पाटीवर एका वेळी एकच संख्या. नवी लिहायची तर जुनी पुसली जाते. आणि दुसऱ्याच्या पाटीवरचं बघून आपल्या पाटीवर उतरवलं तर त्याची पाटी तशीच राहते.

आता या तीन ओळी बघा.

अ = ५
ब = अ
अ = ७

ब किती? बीजगणिताची सवय असलेला माणूस पटकन ७ म्हणतो, कारण 'ब आणि अ सारखे' हे त्याच्या मते कायमचं नातं झालं. पाटी डोळ्यांपुढे ठेवली तर उत्तर उघड आहे: ब नं अ च्या पाटीवरचा ५ आपल्या पाटीवर उतरवला, मग अ नं आपली पाटी पुसून ७ लिहिले. ब ला त्याचा पत्ताच नाही. ब अजून ५च.

दुसरं उदाहरण 'जोपर्यंत'चं. 'जोपर्यंत पाऊस आहे तोपर्यंत आडोशाला थांब' असं आई म्हणते, तेव्हा पाऊस थांबल्याक्षणी आपण निघतो. आपलं लक्ष सतत आभाळाकडे असतं. प्रोग्रॅममध्ये तसं नसतं.

गुण = ०
जोपर्यंत गुण < १० :
    गुण = गुण + ४
    छापा गुण

काय छापलं जाईल? अनेक जण ४, ८ म्हणून थांबतात. गुण १२ झाले, अट मोडली, मग यंत्र लगेच बाहेर पडलं असणार, असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात यंत्र अट फक्त फेरीच्या सुरुवातीला तपासतं. एकदा आत शिरलं की शेवटच्या ओळीपर्यंत जातं. म्हणून ४, ८, १२ छापलं जातं. इथे मूल मूर्ख ठरत नाही. ते मराठी बरोबर वापरतंय, आणि मराठीतल्या 'जोपर्यंत'मध्ये आणि यंत्राच्या 'जोपर्यंत'मध्ये फट आहे. इंग्रजीतल्या 'व्हाइल'बाबत तिकडची मुलंही हीच चूक करतात.

आपल्या भाषेनं एका ठिकाणी मात्र मदत केली आहे. 'चहा घेणार की कॉफी?' यात दोहोंपैकी एकच निवडायचं. 'आधार कार्ड किंवा मतदान ओळखपत्र आणा' यात दोन्ही आणलीत तरी कुणी हाकलून देत नाही. प्रोग्रॅममधला 'ऑर' हा आपला 'किंवा' आहे, 'की' नाही. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे, त्यामुळे तिथे समजावताना शिक्षकाचा घाम निघतो. मराठी शिक्षकाला ही सोय फुकट मिळालेली आहे. प्रशिक्षणात ती कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं.

तरीही 'किंवा'त एक सापळा आहेच. मुलं लिहितात: जर उत्तर 'हो' असेल किंवा 'होय'. माणसाला यात काही खटकत नाही. पायथनमध्ये हे शब्दशः असंच लिहिलं तर 'किंवा'नंतरचा सुटा 'होय' हा नुसता शब्द उरतो, आणि रिकामा नसलेला कुठलाही शब्द पायथन खरा मानतं. म्हणजे अट नेहमीच खरी. मुलानं 'नाही' टाइप केलं तरी प्रोग्रॅम 'हो'च्या वाटेनं जातो. लाल रंगात चूकही दाखवली जात नाही. असा प्रोग्रॅम घेऊन मूल बाईंकडे येतं आणि बाई तो वीस मिनिटं बघत राहतात. तासिका तेवढ्यात संपते.

या सगळ्याच्या मुळाशी एक समज आहे. १९८६मध्ये रॉय पी या संशोधकानं ती नेमकी पकडली: शिकाऊ माणसाला वाटतं की यंत्राच्या आत कुठेतरी एक शहाणं मन दडलंय आणि ते आपला हेतू ओळखून घेईल. चलाला 'सर्वात_मोठा' असं नाव दिलं की यंत्र आपोआप सर्वात मोठी संख्या शोधून त्यात टाकेल, असं मुलांना खरंच वाटतं. यंत्राला त्या नावाचा अर्थ कळत नाही. त्याऐवजी 'भोपळा' लिहिलं तरी त्याला फरक पडत नाही.

नव्यानं शिकणाऱ्या शिक्षकाचा एक मोठा फायदा इथेच आहे. तो या सगळ्या खड्ड्यांत स्वतः नुकताच पडलेला असतो. तज्ज्ञाला आपण कधी अडलो होतो हे आठवत नाही. प्रशिक्षणवर्गात शिक्षकांनी आपल्या चुकांची वही ठेवली, तर जूनमध्ये तीच त्यांची सगळ्यात उपयोगी अध्यापन पुस्तिका होते.

आधी वाचा, मग लिहा

प्रोग्रॅमिंग शिकवताना पूर्वी पहिल्याच दिवशी मुलांसमोर कोरा पडदा ठेवत आणि 'लिहा' म्हणत. भाषा अशी कुणी शिकवत नाही. मूल आधी ऐकतं, वाचतं, मग लिहितं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये असताना सू सेन्टन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यासाठी पाच पायऱ्यांची एक रीत बसवली. तयार प्रोग्रॅम द्यायचा आणि तो काय करेल याचा अंदाज जोडीजोडीनं बांधायला लावायचा. मग तो चालवून अंदाज ताडून बघायचा. मग आत शिरून प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते तपासायचं. मग थोडा बदल करायचा. आणि सगळ्यात शेवटी आपला स्वतःचा लिहायचा. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून तिला 'प्रिम' म्हणतात. ११ ते १४ वयाच्या सुमारे ५०० मुलांवर ती करून पाहिली, आणि तिच्या रीतीनं शिकलेली मुलं इतरांपेक्षा सरस ठरली.

मला हिच्यातली शिक्षकाची सोय जास्त भावते. अंदाज बांधण्याच्या पायरीवर शिक्षकाला सगळं यावं लागत नाही. 'तुला काय वाटतं, का वाटतं' हे विचारता आलं की पुरतं, आणि ते तर चांगल्या मराठीच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकाला आयुष्यभर येतच असतं. ओळींचा क्रम उलटसुलट करून द्यायचा आणि मुलांनी तो लावायचा, हाही एक सोपा प्रकार. २००६मध्ये डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी तो मांडला, म्हणून पार्सन्सची कोडी म्हणतात. कागदाच्या पट्ट्या कापल्या की झालं.

अडतं कुठे

शिक्षकांच्या कार्यशाळांत मदतनीस म्हणून बसताना मला सगळ्यात आधी जाणवली ती भीती. वीस-पंचवीस वर्षं वर्गात ज्याचा शब्द अखेरचा होता, त्याला आता शेवटच्या बाकावरच्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त येतं हे ठाऊक असतं. त्या मुलानं मोबाइलवर बघून तीन महिन्यांपूर्वीच पायथन सुरू केलेलं असतं. यावर 'चुकांमधून शिका' असं सांगून भागत नाही. फळ्यासमोर उभं राहून, सगळ्यांदेखत प्रोग्रॅम लिहिताना चुकायचं आणि ती चूक शांतपणे शोधायची, याचा सराव करावा लागतो. तो सराव आधी सहकाऱ्यांसमोर व्हावा. म्हणून चाळीस तास सलग पाच दिवसांत उरकण्यापेक्षा, दर आठवड्याला दोन तास असे वाटून घेतलेले मला योग्य वाटतात. मंगळवारी शिकायचं, गुरुवारी वर्गात करून बघायचं, पुढच्या मंगळवारी काय फसलं ते आणायचं.

आपल्याकडे प्रशिक्षण वरून खाली झिरपतं. राज्यपातळीवर काही जण शिकतात, ते जिल्ह्याला शिकवतात, जिल्हा तालुक्याला. एखादी सूचना पोहोचवायची असेल तर ही पद्धत चालते. पण मुलं कुठे घसरतात हे ज्ञान असं झिरपत नाही; तिसऱ्या पायरीपर्यंत फक्त स्लाइड उरतात. दुसरी अडचण वेळापत्रकाची. संगणकाचा तास ज्याचा कार्यभार भरत नाही त्याच्या गळ्यात पडतो, पुढच्या वर्षी तो दुसऱ्याकडे जातो, आणि शिकलेलं वाया जातं. शाळेनं निदान तीन वर्षं माणूस बदलू नये, ही मागणी मुख्याध्यापकांकडे करता येईल. त्याला पैसा लागत नाही.

हा प्रश्न आता आपल्याही दारात आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं उच्च प्राथमिक टप्प्यावर कोडिंगशी निगडित उपक्रम आणायला सांगितलं आहे. गोव्यात सहावी ते आठवीसाठी कोडिंग आणि रोबोटिक्सची योजना राबवली गेली आणि तिच्यासाठी शाळांतल्या संगणक शिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं. एसीएम इंडिया या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं २०१६मध्ये 'सीएस पाठशाला' सुरू केली. संगणकाविना करायच्या उपक्रमांतून संगणकीय विचार शिकवण्याची साधनं तिथे शिक्षकांसाठी आहेत. वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या शाळेत हाच मार्ग आधी चालतो.

तिथे करता येण्याजोगा एक तास सांगतो. दोन मुलींना पुढे बोलवा आणि त्यांच्या हातात पाटी द्या. एकीच्या पाटीवर ३, दुसरीच्या पाटीवर ८. वर्गानं हुकूम द्यायचे आणि या दोन संख्यांची अदलाबदल करायची. पाट्या बदलायच्या नाहीत. एका वेळी एकच हुकूम: अमकीनं तमकीच्या पाटीवरची संख्या आपल्या पाटीवर उतरवावी. आणि मुलींनी मनात काही लक्षात ठेवायचं नाही. पाटीवर आहे तेवढंच.

पहिला हुकूम जोरात येतो: पहिलीनं दुसरीचा उतरवावा. पहिली ३ पुसून ८ लिहिते. आता दोन्ही पाट्यांवर ८. वर्ग दुसरा हुकूम द्यायला तोंड उघडतो आणि गप्प होतो. ३ कुठेच राहिलेला नाही. कुणी म्हणतं, उलट क्रमानं करू. करून बघतात, तर दोन्हीकडे ३. शिक्षकानं या वेळी काही बोलू नये, हे सगळ्यात अवघड काम. पाच मिनिटं जातात, कधी दहा. मग मागून कुणीतरी विचारतं, "सर, आणखी एक पाटी मिळेल का?"